मशीनच्या मागचं स्टूल

धाकटीचा फोन आला तेव्हा मिस्त्री पिस्टनच्या आतल्या अंगाने चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम खरवडत होता. दोन पिस्टन, दोन्ही नवे, दोन्ही एकाच साच्यातले. तरी तराजूवर एक दुसऱ्यापेक्षा कागदाच्या चिठोऱ्याइतका जड भरत होता. बायको परत यायच्या आत दोन्ही सारखे करून ठेवायचे होते. नाहीतर ती आल्या आल्या विचारणार, "मी नव्हते तर काय माश्या मारत बसलात?"

धाकटी म्हणजे त्याची मेहुणी, बायकोची पाठची बहीण. वयाने लहान, पण जीभ चांगली हातभर. फोनवर ती कधी साधं बोलायची नाही. "काय भावोजी, आहात की संपलात?" ही तिची नेहमीची सुरुवात. त्या दिवशी ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही आधी बसा."

"बसलोय," तो म्हणाला. तो उभा होता.

"बसा हो."

तेवढ्यावरून त्याला कळलं. तरी तो म्हणाला, "थोरलीला फोन दे." थोरली म्हणजे त्याची बायको. ती चार दिवस बहिणीकडे राहायला गेली होती. माहेरी दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत, तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मग धाकटी म्हणाली, "ताई गेली. चहा प्यायली, कप खाली ठेवला, म्हणाली जरा छातीत भरून आल्यासारखं वाटतंय. मी पाणी घेऊन येईपर्यंत..."

त्याच्या हातात पिस्टन होता. तो कुठेतरी ठेवायला हवा म्हणून त्याने तराजूवर ठेवला. आकडा स्थिर झाला. दोन्ही पिस्टन सारखे भरले होते.

"बरोबर आलं," तो फोनमध्ये म्हणाला.

"काय?"

"काही नाही. निघतो मी."

पुढचे दिवस माणसांचे गेले. आली, बसली, गेली. नंतर एका सकाळी त्याने वर्कशॉपचं शटर वर केलं आणि आत जाऊन आपल्या बाकाशी बसला. सवयीने मान वर केली. समोर मशीन होतं. मशीनच्या वर नुसती भिंत होती.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला शटर, शटरपासून थोडं आत त्याचा बाक, आणि पार मागे, भिंतीला जवळजवळ टेकून, बॅलन्सिंगचं मशीन. इंजिनं तो उघडायचा आणि तोच जुळवायचा. पण क्रँकशाफ्ट बॅलन्स करणं हे थोरलीचं काम. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ते जुनं मशीन कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून आलं. तो त्याच्याकडे बघून म्हणाला होता, "हे भंगार चालवणार कोण?" थोरलीने पदर खोचला आणि मशीनच्या मागे, भिंत आणि मशीन यांच्यातल्या फटीत, एक ठेंगणं स्टूल नेऊन ठेवलं. तेव्हापासून ती तिथे बसायची. तो बाकावर, आत तोंड करून; ती मशीनमागे, बाहेर तोंड करून. मान वर केली की मशीनच्या वर तिचं डोकं दिसायचं: केसांना बांधलेला रुमाल, नाकावर घसरलेला चष्मा. तो त्या फटीत एकदाच शिरायला गेला होता. शर्टाचं बटण तुटलं आणि थोरली हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी राहिली.

आता बॅलन्सिंगची कामं येत, ती तो परत पाठवत होता. पंपवाला दोनदा येऊन गेला. त्याचा पंप दुरुस्तीचा कारखाना होता, पंपाच्या पंख्यांसाठी त्याला हे मशीन हवं होतं. माणूस भला होता. "घाई नाही मिस्त्री," तो म्हणाला. "पण नुसतं उभं राहून मशीन खराब होतं. शनिवारी टेम्पो रिकामा आहे माझा."

"ने शनिवारी," मिस्त्री म्हणाला.

ही बातमी धाकटीपर्यंत कशी पोचली ते त्याला कळलं नाही. शेजारच्या टर्नरचंच काम असणार. त्याच्या लेथपेक्षा तोंड जास्त चालायचं. शुक्रवारी सकाळी ती खांद्याला पिशवी लावून शटरमध्ये उभी राहिली.

"काय भावोजी, आहात की संपलात?"

थोरली गेल्यापासून ती हे पहिल्यांदाच म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं. मग ती आत आली आणि न विचारता त्याच्या बाकाशी बसली.

"बसने आले. का आले ते विचारा."

"का?"

"कारण माझी गाडी तुमच्याकडे पोट उघडं टाकून पडली आहे."

ती खरंच कोपऱ्यात पडली होती. धाकटीची जुनी मोटरसायकल, दोन सिलिंडरची, दोन्ही सिलिंडर एकाच बुडातून फुटलेल्या फांद्यांसारखे फाकलेले. वर्षातून एकदा जुन्या गाड्यांची चढावरची शर्यत असे. धाकटी दर वर्षी तिच्यात उतरायची आणि दर वर्षी एक दातांचा डॉक्टर तिला शेवटच्या वळणावर मागे टाकायचा. तेव्हा दोघी बहिणींनी बसून ठरवलं की इंजिनाच्या आतला माल हलका करायचा. हलके पिस्टन, हलके कनेक्टिंग रॉड. चढावर इंजिन पटकन उचल खाईल. "त्या दातवाल्याला यंदा माझा मागचा दिवा दाखवायचा," धाकटी म्हणाली होती. आणि थोरली म्हणाली होती, "दिवा आधी लागतो का बघ तुझा."

"क्रँक दुसरीकडे देऊ बॅलन्सला," मिस्त्री म्हणाला.

"नाही द्यायचा. ताई म्हणाली होती आपल्या मशीनवर होणार."

"ताई असती तर झाला असता."

"तुम्ही आहात ना?"

"मला ते मशीन येत नाही, धाकटे."

"इतकी वर्षं समोर बसलात. समोर काय नाटक चाललं होतं?"

तो उठून शटरपर्यंत गेला, परत आला. मग म्हणाला, "बरं. हा एक क्रँक मी करून बघतो. झाला तर मशीन राहील. नाही झाला तर उद्या पंपवाला घेऊन जाईल, आणि मग त्यावर तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"एकही नाही," धाकटी म्हणाली. "बाकी विषयांवर बोलले तर चालेल ना?"

काम काय आहे हे त्याला माहीत होतं. तेवढं कुठल्याही इंजिनवाल्याला माहीत असतं. क्रँकशाफ्टला एका अंगाला एक पिन असते, तिच्यावर दोन्ही रॉड बसतात आणि रॉडच्या टोकांना पिस्टन. हे सगळं एका बाजूला ओढतं. ते तोलायला पिनेच्या विरुद्ध अंगाला, डाव्या आणि उजव्या टोकाशी, लोखंडाची दोन जाड पोटं ठेवलेली असतात. त्यांना काउंटरवेट म्हणतात. जुन्या जड पिस्टनच्या हिशोबाने ती पोटं बेतलेली होती. आता पिस्टन हलके झाले, रॉड हलके झाले, म्हणजे ती पोटं जास्तीची झाली. तसंच इंजिन जोडलं तर ते हादरून हादरून आपल्याच बेअरिंगा खाणार. म्हणून त्या पोटांना भोकं पाडून वजन कमी करायचं. किती आणि कुठल्या टोकाला, ते मशीन सांगतं.

पण खरे पिस्टन लावून क्रँक मशीनवर फिरवता येत नाही. त्यांच्या जागी पिनेवर एक गोल वजन आवळतात, आत शिशाचे छर्रे भरून नेमकं केलेलं. थोरली त्याला जावई म्हणायची. "काम काही करत नाही, नुसता बसतो, आणि सगळं घर त्याच्या वजनाप्रमाणे चालतं."

जावई भरायचं काम मिस्त्रीचंच असे. तो तराजूशी बसला. एकेका रॉडचं एक टोक दोरीला टांगून दुसरं तराजूवर टेकवलं, मग उलट केलं. रॉडचं मोठं टोक गोल फिरतं, त्याचं वजन पूर्ण धरायचं. लहान टोक, पिस्टन, त्याची पिन, रिंगा हे सगळं वर-खाली पळतं, त्याचं अर्धं. बेरीज केली आणि छर्रे मोजायला डबी उघडली.

"तेलाचं धरलं का?" धाकटी म्हणाली.

त्याने चमकून वर बघितलं.

"ताई नेहमी विचारायची ना तुम्हाला. फोनवर माझ्याशी बोलता बोलता मध्येच ओरडायची, अहो, तेलाचं धरलं का?"

त्याने तेलाचं धरलं नव्हतं. पिनेच्या आत तेल खेळतं, त्याचंही थोडं वजन असतं. त्याने आणखी छर्रे टाकले. डोळे पुसले नाहीत; पुसले असते तर धाकटीने बघितलं असतं.

क्रँक मशीनच्या दोन पाळण्यांवर ठेवला. दोन्ही पाळणे स्प्रिंगांवर उभे होते, एक डाव्या टोकाशी, एक उजव्या. क्रँक फिरताना जिकडे जास्त हादरा, तिकडचा पाळणा जास्त हलणार आणि त्याचा काटा वर चढणार. दोन काट्यांच्या दोन तबकड्या एका डब्यात होत्या आणि डबा लोखंडी दांड्यावर, भिंतीकडे तोंड करून. थोरली मागे बसायची, तेव्हा तो तिच्या हनुवटीच्या जरा खाली यायचा. मिस्त्री त्या फटीत मावणारा नव्हता. त्याने दांड्याचा बोल्ट सैल केला, डबा फिरवून पुढे आपल्याकडे तोंड करून घेतला आणि बोल्ट आवळला.

"हे बरं झालं," तो म्हणाला. "आता दिसतंय."

पट्टा चढवला, बटण दाबलं. क्रँक आधी आळसावून आणि मग नीट फिरू लागला. डावा काटा चढत चढत जवळजवळ शेवटाला जाऊन थरथरत राहिला. उजवा जेमतेम उचलला.

"डावीकडे जड," मिस्त्री म्हणाला.

क्रँक उतरवला, ड्रिलखाली धरला आणि डाव्या पोटाला एक भोक पाडलं. लोखंडाचे किस गोल गोल होऊन खाली पडले. पुन्हा चढवून फिरवला. उजवा काटा पार खाली बसला. डावा होता तिथेच.

"उजवा बसला की," धाकटी म्हणाली.

"एकीकडचं काढलं की दुसरीकडे थोडं कळतंच. डावीकडे अजून हवं."

दुसरं भोक. फिरवला. डावा काटा जागचा हलला नव्हता, आणि उजवा, जो बसला होता, तो पुन्हा उठला होता.

मिस्त्रीने काचेवर टिचकी मारली. काटा अडकला असेल म्हणून डब्याला थाप मारली. काटा अडकलेला नव्हता. त्याचा खालचा ओठ आत गेला. त्याने तिसरं भोक पाडलं, आधीच्यापेक्षा खोल. हे पाडताना त्याला वाटत होतं की आपण चुकतोय, पण हात थांबला नाही. क्रँक फिरला. डावा तसाच. उजवा अर्ध्याच्या वर गेला.

त्याने बटण बंद केलं. क्रँक हळूहळू थांबला. खोलीत टर्नरच्या लेथचा आवाज भिंतीतून येत होता.

"भावोजी..."

"बिघडवला मी तो. तीन भोकं पाडली आणि होता त्यापेक्षा वाईट केला." तो हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाल्यावरही. "भोक पाडलेलं परत येत नाही. ठरलं होतं ना? पंपवाल्याला सांगतो, उद्या ने म्हणून. तू एक शब्द बोलायचा नाहीस."

धाकटी खरंच एक शब्द बोलली नाही. ती त्याच्या बाकाशी बसून राहिली, हनुवटी तळहातावर टेकून. तिचं असं गप्प बसणं त्याला बोलण्यापेक्षा जड गेलं.

मशीन न्यायचं तर आधी प्लग काढायला हवा. प्लग भिंतीत होता, स्टुलाच्या मागे. तिथे आजवर त्याला कधी जावं लागलं नव्हतं. त्याने पोट आत ओढलं आणि आडवा होऊन फटीत शिरला. शर्ट भिंतीला घासला, पण या वेळी बटण तुटलं नाही. तो बारीक झाला होता, हे त्याला तेव्हा कळलं. प्लगपर्यंत हात पोचवायला वाकावं लागत होतं, आणि वाकायला जागा नव्हती. म्हणून तो स्टुलावर बसला.

स्टूल त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ठेंगणं होतं. गुडघे छातीशी आले. उजव्या हाताशी भिंतीत एक खिळा होता, त्यावर तिचं काम करायचं जाकीट. डाव्या खांद्यामागे भिंतीचा रंग डोकं टेकून टेकून गुळगुळीत झालेला. आणि समोर, मशीनच्या वरून, त्याचा बाक. बाकाशी धाकटी बसलेली, तिचं तोंड दिव्याखाली, अगदी स्वच्छ. तिच्या मागे शटर, शटरच्या पलीकडे रस्ता, आणि रस्त्यावरून कोणीतरी सायकल हाताने ढकलत नेत होतं.

"इथून तुझं तोंड दिसतं," तो म्हणाला.

"दिसणारच. म्हणून तर ताई तिथे बसायची."

"म्हणून?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"प्लग मागे आहे म्हणून."

धाकटी हसली. "प्लग म्हणे! मी तिला कितीदा म्हटलं, मशीन फिरवून घे, पुढे ऐसपैस बस, मागे उंदरासारखी काय बसतेस? तर म्हणाली, नको. मला त्यांचं तोंड दिसलं पाहिजे. काम चुकायला लागलं की ह्यांचा खालचा ओठ आत जातो. त्यांच्या आधी मला कळतं. मग मी हाक मारते, चहा घ्या म्हणून. उठले की चूक टळते."

थोरलीने चहासाठी मारलेल्या हाका मिस्त्रीला आठवत होत्या. कधी कधी तो वैतागून म्हणायचा, "अगं, आत्ताच तर झाला."

"आत्ताही आत गेला होता," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या भोकानंतर. मला हाक मारायला हवी होती. सुचलं नाही."

तो तसाच बसून राहिला. प्लग काढायचा होता, पण हात पुढे जाईना. समोर काट्यांच्या डब्याची आता पाठ दिसत होती. डब्याच्या पाठीतून दोन वायरी निघून दोन पाळण्यांकडे गेल्या होत्या, आणि मध्येच एकमेकींवरून आडव्या गेल्या होत्या, मांडी घालून बसल्यासारख्या. थोरली असल्या गोष्टी खपवून घेणारी नव्हती. तिच्या वायरी कधी एकमेकींना शिवलेल्या त्याने पाहिल्या नव्हत्या. मग ह्या अशा कशा?

त्याने डब्याकडे पाहिलं, पाळण्यांकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. डावा हात उचलून डाव्या पाळण्यावर ठेवला. तिथे बसल्यावर जो डावा होता, तो. बाकाकडून बघणाऱ्याला तो उजवा होता.

"धाकटे, इकडे ये. डब्यासमोर उभी राहा. कुठला काटा उडतो सांग."

त्याने हाताखालच्या पाळण्यावर बोटाच्या पेराने ठोकलं.

"डावा," धाकटी म्हणाली.

"तुझा डावा?"

"माझा डावा. पण भावोजी, तुम्ही ठोकताय ते तर माझ्या उजवीकडे आहे."

त्याने दुसऱ्या पाळण्यावर ठोकलं.

"आता उजवा उडाला. अहो, हे तर..."

"मी डबा फिरवला," मिस्त्री म्हणाला. "तिने वायरी तिच्या बाजूने लावल्यात. तिचा डावा डावा, तिचा उजवा उजवा. मी डबा फिरवून पुढे घेतला, काटे माझ्याकडे आले, पण वायरी तिच्याच राहिल्या. काटा सांगत होता तिकडचं आणि मी भोकं पाडत होतो इकडे. ज्या टोकाला हातही लावायचा नव्हता, त्याला तीन भोकं!"

आणि तो हसायला लागला. गुडघे छातीशी घेतलेल्या माणसाला नीट हसता येत नाही, त्यामुळे ते खोकल्यासारखं झालं. धाकटीला आधी वाटलं तो रडतोय. मग तीही हसली, आणि त्यात थोडं रडणं आलंच.

"म्हणजे मशीन ठीक आहे," ती म्हणाली.

"मशीन ठीक आहे. मिस्त्री बिघडलाय."

हसण्याचा आवाज ऐकून टर्नर शटरमध्ये आला. मिस्त्रीला भिंतीच्या फटीत बसलेला बघून तो म्हणाला, "अडकलात का? साबण आणू?"

"साबण नको. तुझ्याकडे जड धातूचे तुकडे आहेत का? ते टंगस्टनचे? लोखंडापेक्षा जड हवेत."

"तुमच्याकडेच आहेत. वहिनींनी माझ्याकडूनच कापून घेतले होते. बघा त्या डब्यात, छर्ऱ्यांच्या मागे."

तुकडे होते. आता उपाय साधा होता, फक्त वेळ खाणारा. ज्या टोकाला उगाच भोकं पडली होती, तिथलं गेलेलं वजन परत भरायचं. पण पोटाच्या कडेने पाडलेल्या भोकात तुकडा ठोकला, तर क्रँक वेगाने फिरताना तो बाहेर उडून इंजिनाची चाळण करणार. म्हणून आडवं भोक पाडायचं, बाजूने आत, आणि त्यात जड तुकडा घट्ट दाबून बसवायचा. फिरताना त्याच्या बाहेरच्या अंगाला अख्खं लोखंड येतं, सुटायला वाट राहत नाही. टर्नरने लेथवर तुकडा घासून दिला. देताना म्हणाला, "केसाएवढा मोठा ठेवलाय. क्रँक जरा गरम करा, तुकडा गार करा, घसरत आत जाईल." आणि मग, जाता जाता, "पंपवाल्याला मी सांगू का, उद्या येऊ नको म्हणून?"

"सांग. आणि तो येणार हे धाकटीला कोणी सांगितलं होतं?" मिस्त्री म्हणाला.

टर्नर काही न ऐकल्यासारखा निघून गेला.

डबा पुन्हा मागे, भिंतीकडे तोंड करून लावला. वायरी सुटून सरळ झाल्या. मग टर्नरला परत बोलावून तिघांनी पहार घालून मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. फरशीवर जुन्या जागेचा चौकोन राहिला, आजूबाजूच्या फरशीपेक्षा उजळ. मिस्त्री मागे गेला आणि या वेळी पोट न ओढता बसला. धाकटीला त्याने बाकावरून उठू दिलं नाही.

"मी काय करू इथे?" ती म्हणाली.

"माझा ओठ बघ."

बटण दाबलं. जड तुकडा बसवलेल्या टोकाचा काटा थोडा उठला आणि तिथेच राहिला. दुसरा शेवटाला. क्रँक उतरवला, आता जिथे हवं तिथे भोक पाडलं, बेताचं. चढवला. काटा निम्म्यावर आला. पुन्हा उतरवला, ड्रिल लावलं. चौथ्या खेपेला धाकटी अचानक ओरडली, "अहो भावोजी, चहा!"

त्याने ड्रिल थांबवलं. भोक पुरेसं खोल झालं होतं. आणखी एक फिरकी आणि जास्त झालं असतं.

"घेतो," तो म्हणाला.

चहा घेऊन झाल्यावर क्रँक चढवला. पट्टा, बटण. क्रँक आधी आळसावून फिरला, मग वेग घेतला. मिस्त्रीने दोन्ही हात दोन पाळण्यांवर ठेवले. थोरली असे हात ठेवायची, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावेत तसे. त्याला वाटायचं तिची ती लकब आहे. पाळणे शांत होते. हाताखाली फक्त मोटारीची बारीक गुणगुण लागत होती. दोन्ही काटे खाली, आपापल्या जागी.

"काय झालं?" धाकटीने बाकावरून विचारलं. तिला काटे दिसत नव्हते. त्याचं तोंड दिसत होतं.

"तूच सांग."

तिने बघितलं. "झालं," ती म्हणाली.

शनिवारी पंपवाला रिकामा टेम्पो घेऊन आला. टर्नर त्याला सांगायचं विसरला होता. मिस्त्रीने त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "मशीन राहू दे. तुझे पंखे इथे आण, मी करून देतो." पंपवाला टेम्पो रिकामाच घेऊन गेला, पण सोमवारी त्याचे पहिले पंखे आले. पंख्यांना जावई लागत नाही, हे मिस्त्रीला पहिल्याच पंख्याला कळलं. त्याने ते धाकटीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. एक तरी घर सुटलं."

आता तो सकाळी बाकाशी बसतो आणि दुपारनंतर मशीनमागे. तिथे बसला की समोर रिकामा बाक दिसतो आणि त्याच्या मागे रस्ता. शनिवार-रविवारी धाकटी बसने येते आणि बाकाशी बसून नट-बोल्ट धुते, तेव्हा बाक रिकामा नसतो. रुमाल बांधते कधी कधी केसांना. तेव्हा तो जरा दुसरीकडे बघतो आणि मग परत कामाकडे.

क्रँक इंजिनात बसला आहे. दोन्ही पिस्टन आपापल्या सिलिंडरमध्ये आहेत, हाताने फिरवलं की अडकत नाहीत. सिलिंडरची डोकी अजून बसवायची आहेत, कार्ब्युरेटर जुळवायचा आहे, आणि शर्यत जवळ येत चालली आहे. थोरलीचं जाकीट त्या खिळ्यावर आहे. ते धुवायचं राहिलं आहे.